वेचलेले राळे

“परत घे म्हंजे? गोष्ट म्हंजे काय उसनं दिलेलं पीठ हाय, परत घ्यायला?” मी म्हणाले.

“पीठ असतं तर बरं झालं असतं,” ठकूवैनी म्हणाल्या. “पीठ शिळं तरी होतं. तुझी गोष्ट चार महिनं झालं तरी बायकांच्या डोसक्यात ताजीच हाय.”

“मग चांगली हाय म्हनायची.”

“चांगली हाय म्हनूनच आलीया ती. वाईट सांगितली असतीस तर आली नसती.”

हे भांडण माझ्या पडवीत चाललं होतं. दिवस चांगला वर आलेला, माझ्या हातात विळा, मी भात कापायला निघालेली. ठकूवैनी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाची बायको, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक गवताची गंजी तेवढी. पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची वीस-बावीस घरांची वाडी. त्या भांडणाला आता बावीस वर्षं झाली. माझे दात गेले, पण त्या दिवशीचा एक शब्द गेलेला नाही.

‘ती’ म्हणजे भिमा. ठकूवैनींची सून, ज्ञानूची बायको. पंधरा दिवसांपूर्वी बाळंतपणात गेली होती. पोरगी वाचली होती.

भांडण कशाचं ते कळायला आधी गोष्ट कशी झाली ते सांगायला हवं.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आमच्याकडे बाईला अक्षर म्हणजे हातावर गोंदलेलं, तेवढंच. बाजारातून हिंग-सुपारी ज्या कागदात बांधून यायची, ते कागद मी चुलीत घालत नसे. चपटे करून पेटाऱ्याखाली ठेवत असे. धाकट्या दिराला गूळ देऊन मी त्याच्याकडून मुळाक्षरं काढून घेतली. पुढचं सगळं माझं मी. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आहे.

एकदा अशाच दोन कागदांवर एका राक्षसाची गोष्ट मिळाली. पुढचा-मागचा भाग कुणाच्या सुपारीला गेला असेल तो गेला. पहिल्या कागदावर गावातले लोक बोलत होते. त्याचे दात कसे, त्याचा वास कसा, त्यानं माणसं कशी मारली. दुसऱ्या कागदावर तो स्वतः बोलत होता. गावची कुत्री भुंकली की तोच आधी दचकायचा, आणि त्याच्या पायात मोडलेला काटा काढायला त्याला कुणी नव्हतं. मेलेली माणसं तीच, मारणारा तोच. पण दुसरा कागद वाचताना तो काटा मला दुखला. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून आठ दिवस वाचले, तेव्हा कुठं मला सापडलं. पहिल्या कागदावर त्याला नुसते दात दिले होते. दुसऱ्यावर त्याला पाय दिला होता, आणि पाय दुखतो हे कुणालाही कळतं.

मला वाटलं, हे आपल्यालाही जमेल.

आमच्याकडे बाळंतीण गेली की तिच्या तिरडीमागं उंबऱ्यापासून ओढ्यापर्यंत राळे टाकत जातात, आणि उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकतात. गेलेली बाई लेकरासाठी माघारी येते. पण वाटेतला दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला पुढं पाऊल टाकता येत नाही. राळा म्हणजे खसखशीपेक्षा जरा मोठा. वेचून होत नाही तोवर उजाडतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. अशा बाईची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. पाय उलटे, केस मोकळे, नखं हातभर. ऐकून घाबरायचं आणि झोपायचं.

श्रावणात ठकूवैनींच्या घरी आम्ही सात-आठ जणी भात कांडायला जमायचो. तिथं मी ती गोष्ट दुसऱ्या कागदासारखी सांगितली. हडळ हा शब्दच काढला नाही. वाटेवर वाकलेली एक बाई सांगितली. तिच्या टाचांच्या भेगा सांगितल्या, त्यात माती जाऊन चरचरतं ते सांगितलं. बोटं चिखलानं भरलेली, म्हणून डोळ्यावर आलेली बट ती डाव्या मनगटानं मागं सारते, हे सांगितलं. ती लकब माझ्या आईची. मला ती फार आवडायची, म्हणून मी तिथं घातली. तिला बोलायला दोनच वाक्यं दिली. कुणी वाटेनं आलं की ती म्हणते, “कंबर मोडली बाई.” आणि मग स्वतःशीच म्हणते, “थोडंच ऱ्हायलं.” तिच्यासाठी मी आवाजही वेगळा काढला होता. बारीक, थोडा नाकातला.

मुसळं थांबली. बाळाबाईनं तोंडाला पदर लावला. बाळाबाई म्हणजे ज्ञानूची बहीण, तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली, तान्हं मांडीवर. ठकूवैनी तेवढ्या म्हणाल्या, “हे नवीनच काढलंस.” पण त्यांनीही नाक ओढलं.

आणि उखळापाशी उभी होती भिमा. सहावा सरून सातवा लागलेला. घामानं निथळत होती. तिनं विचारलं, “काकी, मग तिला तिचं लेकरू दिसतं का?”

शेवट मी योजलाच नव्हता. पण सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

“दिसतं की,” मी म्हणाले. “पोटभर पाजती.”

भिमा हसली आणि तिनं पुन्हा मुसळ उचललं. तू आता बस, असं तिला म्हणावं हे तेव्हा कुणालाही सुचलं नाही. मलाही नाही. गोष्टीतल्या बाईची कंबर लोकांना दुखावी या नादात होते मी.

कार्तिकात भिमा गेली. ठकूवैनींनी रीतीप्रमाणे उंबऱ्यापासून ओढ्यापर्यंत राळे टाकले, खिळा ठोकवला. पाचव्या दिवसापासून पोरगी दुपारचं दूध प्यायची बंद झाली. बाळाबाईच्या अंगावर दोघांना पुरेल एवढं दूध होतं, पण पोरगी तोंड फिरवायची. पोट तट्ट भरलेलं असायचं. ठकूवैनींनी उंबऱ्याच्या आत राख पसरायला सुरुवात केली. रोज दुपारी राखेत पावलं. आत येणारी आणि बाहेर जाणारी, सरळ, बाईमाणसाची, जोडव्याची खूण असलेली.

“जाऊ दे की मग,” मी त्या दिवशी पडवीत म्हणाले. “आईच हाय. पाजती तर पाजू दे. तुमाला काय खुपतंय?”

“पाजती, ते तू सांगितलंस म्हनून.”

“सगळं माझ्यावर घाला. राळं टाकलं व्हतं न्हवं? मग ती आली कशी? तुमच्याच हातनं कमी पडलं असतील.”

त्यावर ठकूवैनी उठतील, तणतणत जातील, असं मला वाटलं होतं. त्या खाली बसल्या.

“बाळानं गोळा केलं,” त्या म्हणाल्या. “केरसुनीनं. वाकून वाकून तिची कंबर मोडती म्हनून. माझी पोटची पोर, आन् तुझी गोष्ट ऐकून… गाडगं भरून ठिवलंया.”

ठकूवैनींनी माझा हात धरला.

“चंद्रे, पोर गार पडत चाललीया. रोज थोडी थोडी. पाय गार व्हते, काल गुडघ्यापातूर आलं. तू हात लावून बघ, मग माझ्याशी भांड.”

मी विळा वळचणीला खोचला आणि त्यांच्यामागं गेले.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. सगळी कापणीला. ऊन असं की गंजीतलं गवत तडतडत होतं. ओसरीवर बाळाबाई तिचं पोर मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून तिनं मान खाली घातली.

“सगळं येचलंस?” मी विचारलं.

“घावलं तेवढं,” ती म्हणाली. “तुमीच म्हनला व्हता न्हवं काकी, कुणी हातभार लावला तर…”

मी तसं म्हटलं नव्हतं. पण ऐकणारीला तसं वाटावं अशीच ती गोष्ट मी बांधली होती, तेव्हा तिला काय बोलणार.

आतल्या खोलीत झोळी टांगलेली होती. दाराचा उजेड झोळीच्या खालपर्यंत यायचा, पुढं अंधार. शेपा-ओव्याच्या धुरीचा वास होता, आणि त्याखाली दुसरा एक, ओढ्याकाठच्या ओल्या मातीचा. मी झोळीत हात घातला. पोरीच्या ओठाच्या कोपऱ्याला दूध होतं. पोट उबदार. त्याखाली मांड्या, गुडघे, पाय पाण्यातल्या गोट्यासारखे गार. रडत नव्हती. डोळे उघडे ठेवून झोळीच्या पलीकडं बघत होती.

झोळीखाली राळ्यांचं गाडगं.

“हे हितं कुणी ठिवलं?” मी विचारलं.

“उतरंडीत ठिवलं व्हतं,” बाळाबाई दारातून म्हणाली. “रोज हितं येतं.”

“तुमी दोघी भायेर बसा. म्या हाक मारल्याबिगर येऊ नका.”

ठकूवैनी वाकून माझ्या कानाशी आल्या. “चंद्रे, तिला कुरूप कर. तुला येतं ते. पैल्यासारखी सांग, सगळ्या सांगत्यात तशी.”

“आधी मला बघू दे,” मी म्हणाले.

मी भिंतीला टेकून बसले. भीती वाटत नव्हती, हे खरं सांगते. रागच होता मनात. मी केलेली चांगली गोष्ट मला वाईट करायला सांगतात म्हणून.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आवाज आला. राळ्याचा एक दाणा गाडग्यात पडला तर त्याचा आवाज होत नाही. पण मला ऐकू आला. मग दुसरा. मग जरा थांबून तिसरा.

झोळीच्या पलीकडं, उजेड संपतो तिथं, ती माझ्याकडं पाठ करून उकिडवी बसली होती. जमीन चाचपत होती. बाळाबाईच्या केरसुणीतून सुटलेले दाणे असतील. लुगड्याच्या काठाखाली तिच्या टाचा दिसत होत्या. भेगाळलेल्या, भेगांत माती. भिमाच्या टाचा कशा होत्या हे मी जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं. ह्या टाचा मात्र मी ओळखल्या. मग तिनं डावा हात वर नेला आणि मनगटानं बट मागं सारली.

भिमा असं कधीच करत नसे. ती केस चापूनचोपून बांधायची, बट सुटायचीच नाही. असं माझी आई करायची, आणि मी सांगितलेली बाई करायची.

मी भिंत सोडून झोळीकडं सरकले.

“भिमे,” मी म्हणाले. “भिमे, ऐक. पोर गार पडलीया.”

“कंबर मोडली बाई,” ती म्हणाली.

आवाज बारीक, थोडा नाकातला. माझाच आवाज.

“कळतंय मला. पर तू पाजलंस की तिचं अंग गार पडतंय. तू आता जा. बाळा हाय तिला.”

“थोडंच ऱ्हायलं.”

“भिमे, मला वळखलं न्हाईस? म्या चंद्राकाकी. तू मला इचारलं व्हतंस…”

“कंबर मोडली बाई…”

तिच्याकडं दुसरं बोलणं नव्हतं. मी दोनच वाक्यं दिली होती. नाही म्हणायला तिला शब्द नव्हता, आणि हो म्हणायलाही. एक दाणा उचलला. गाडग्यात टाकला. शेवटचा दाणा पडल्यावर काय होईल हे मला माहीत नव्हतं. मी गोष्टीत तिथवर गेलेच नव्हते. तिची बोटं मात्र आता जमिनीवर बराच वेळ फिरत होती, तेव्हा एखादा दाणा सापडत होता. खरंच थोडे राहिले होते.

मी झोळीत पुन्हा हात घातला. गार अंग कमरेपर्यंत आलं होतं.

मग मी पहिल्या कागदासारखं बोलू लागले. आवाज चढवला नाही.

“एक हाय हडळ,” मी म्हणाले. “ओढ्यावर ऱ्हाती. केस जमिनीवर लोळत्यात, त्यात लव्हाळं अडाकल्यालं. तिला सडक्या पाण्याचा वास. तिची नखं हातभर…”

गाडग्याच्या काठावर काहीतरी खरवडलं.

“तिचं पाय उलटं,” मी म्हणाले.

जोडवी जमिनीवर वाजली. टाचा दिसत होत्या तिथं बोटं दिसली, माझ्याकडं वळलेली. पाठ होती तशीच माझ्याकडं. वर नेलेला डावा हात अर्ध्यात थांबला होता, बट मागं न सारताच. तिला तो कशासाठी उचलला हे आठवत नसावं.

मी थांबले नाही. थांबायला हवं होतं असं आज वाटतं, तेव्हा वाटलं नाही. “ती लेकरं खाती. तिला कुणाची माया न्हाई. तिला कुणी दारात उभं करत न्हाई.” माझ्या तोंडातून ते झरझर येत होतं, लहानपणापासून पाठ असलेलं. जुळवायला काही लागतच नव्हतं.

तिनं मान वळवली.

चेहऱ्याचं मला काही सांगता येत नाही. मी दोन्ही गोष्टींत तिला चेहरा दिला नव्हता. हडळीला केस पुरले होते, वाटेवरच्या बाईला बट पुरली होती. तिथं जे असायला हवं ते नव्हतं, एवढंच. मुसळ हातात धरून हसलेली भिमा मला लख्ख आठवत होती. तो चेहरा मी सांगू शकले असते, दोन शब्दांत. तो मी सांगितला असता तर भिमा पोरीला घेऊन गेली असती, की पोरीला ठेवून गेली असती, हे मला आजही ठाऊक नाही. मी सांगितला नाही.

पोरगी रडली. दहा दिवसांत पहिल्यांदा, घसा फोडून. मी हाक मारायच्या आधीच बाळाबाई आत धावत आली, झोळीतून पोर ओढून छातीशी धरली, आणि पोरगी अशी तुटून पडली की बाळाबाई कळवळली. मी झोळीपलीकडं पाहिलं. नुसती जमीन होती.

ठकूवैनी उंबऱ्याशी वाकून राख बघत होत्या.

राखेच्या कडेनं आमची पावलं होती, मधोमध जोडव्याच्या खुणेचे दोन माग. दोन्ही उंबऱ्याकडून झोळीकडं गेलेले. आत येणारे. त्यांत बाहेर जाणारं एकही पाऊल नव्हतं.

“गेली,” ठकूवैनी म्हणाल्या. “पाय उलटं केलंस न्हवं तू. जाताना अशीच उमटनार.”

“आन् परत आत आली असंल तर?”

त्यांनी केरसुणी घेऊन राख झाडून टाकली. संध्याकाळपर्यंत पोरीचे पाय ऊन झाले. ती जगली. पुढं कामथडीला दिली, तिला स्वतःची लेकरं झाली. ठकूवैनी त्या दिवशी मला नारळ आणि खण देत होत्या. मी घेतले नाहीत.

घरी येऊन मी जेवले नाही. माझी मी म्हणत होते, पोरगी वाचली, झालं. पण गोष्ट सांगून लोकांना रडवणारी मी, आणि माझ्याच तोंडानं एका गरीब पोरीला लेकरं खाणारी करून ओढ्याला हाकलली, आणि ते किती सोपं गेलं. चांगली सांगायला मला आठ दिवस कागद वाचावे लागले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेतावरून पाणी प्यायला घरी आले. माझं सूप खुंटीला असतं. ते पडवीत खाली ठेवलेलं होतं, मी कागद वाचायला बसते त्या जागी. त्यात मूठभर राळे. निवडलेले, खडा नाही, माती नाही. आमच्या शेतात राळा कधी पेरलेला नाही.

मी सूप उचललं आणि तशीच गंजी ओलांडून गेले. ठकूवैनी ओसरीवर पोरीला तेल लावत होत्या.

“ही कसली चेष्टा?” मी सूप त्यांच्यापुढं आपटलं. “खण घेतला न्हाई म्हनून राळं ठिवलं व्हय माझ्या दारात?”

त्यांनी सुपाकडं पाहिलं. हात पोरीच्या पोटावरच राहिला.

“म्या न्हाई ठिवलं.”

“मग बाळानं.”

“बाळा सकाळधरनं हितनं हालली न्हाई.”

“मग तुमी म्हनाला व्हता ती गेली म्हनून. गेली न्हवं? का तवाबी मला गप करायला म्हनाला? माझ्याकडनं तसलं वंगाळ बोलवून घेतलंत, माझी जीभ विटाळलीत, आन् आता…”

“हळू बोल. पोर दचकंल.”

“दचकू दे. मला सांगा, गेली तर कुठं गेली?”

ठकूवैनींनी पोरीच्या अंगावर फडकं टाकलं, सूप माझ्याकडं सरकवलं, आणि माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाल्या, “तिला तुझ्याबिगर दुसऱ्या कुणाचं बोलनं येत न्हाई, तवा ती कुठं जाईल ते मला इचारू नगंस.”